चोराचं गिऱ्हाईक कोण ते आधी शोधा

आजकाल कुणी फोन चोरीला गेला म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, लॉक होता ना? जणू लॉक होता म्हणजे फोन संध्याकाळपर्यंत घरी येणार आहे. अहो लॉक सगळ्यांचाच असतो. फिंगरप्रिंट, फेस, पॅटर्न, वर हरवलेला फोन शोधून देणारं फाइंड माय चालू, आणि तरीही विरार फास्टच्या दारातून, लालबागच्या गर्दीतून, कुठल्यातरी कॉन्सर्टमधून, आठवडी बाजारातून फोन जातायत ते जातायतच. मग ही एवढी सगळी अँटी थेफ्ट फीचर्स, सरकारी पोर्टलं, ब्लॉकिंग, याचा नक्की उपयोग होतो का नाही? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. उपयोग होतो, पण चोराला त्याचं काही वाटत नाही. कारण ही सगळी कुलुपं फोन वापरायला अडवतात आणि चोर काही वापरायला फोन चोरत नाही, विकायला चोरतो. तासाभरात रोख मोजणारं गिऱ्हाईक त्याला भेटतंय तोवर तुम्ही फोनला सात कुलुपं घाला, त्याला फक्त भाव थोडा कमी मिळेल.

आता कुलूप अजिबात चालत नाही असं म्हणणारे पण आहेत, त्यांच्याशीही माझं पटत नाही. ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर ॲक्टिव्हेशन लॉक आणलं, म्हणजे फोन पूर्ण पुसून काढला तरी मूळ मालकाचा पासवर्ड टाकल्याशिवाय तो चालू होत नाही. त्या वेळी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी वकील मोबाईल कंपन्यांच्या अक्षरशः मागे लागले होते, की तुमच्या फोनपायी आमच्या रस्त्यावर लोक मार खातायत, काहीतरी करा. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की १ जुलै २०१५ पासून बनलेला आणि तिथे विकला जाणारा प्रत्येक स्मार्टफोन असं लॉक घेऊनच आला पाहिजे. अँड्रॉइडवाल्यांनीही त्याच सुमारास फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन आणलं. आणि गंमत म्हणजे याचा परिणाम दिसला. ॲक्टिव्हेशन लॉक आल्यावर पहिल्या वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या चोऱ्या ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी कमी झाल्या, लंडनमध्ये तर स्मार्टफोन चोरी निम्म्यावर आली, असं तिथल्या अधिकाऱ्यांनीच २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं होतं.

मग सुटला का प्रश्न? त्याच लंडनमध्ये २०२४ साली एका वर्षात लाखाहून जास्त फोन चोरीला गेले. इलेक्ट्रिक बाईकवरून तोंड झाकलेली पोरं येतात आणि फुटपाथवर मॅप बघत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून फोन उचलून पसार. २०२४ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी कुणीतरी आपला आयफोन ट्रॅक करत करत हीथ्रो विमानतळाजवळच्या एका गोदामापर्यंत पोचलं, तिथे हाँगकाँगला निघालेला एक खोका होता आणि त्यात जवळजवळ ९०० फोन निघाले. त्या धाग्यावरून पोलिसांनी जी टोळी पकडली तिने वर्षभरात ४०,००० पर्यंत फोन चीनला पाठवले असावेत असा लंडन पोलिसांचा संशय आहे. त्यातले बहुतेक फोन लॉक असणारच की हो! पण धंदा शिकला. लंडनमध्ये नेटवर्कवर ब्लॉक केलेला फोन तिकडे चालतो, आणि नाही चालला तर चीनमधल्या शेनझेनला त्याचे तुकडे करून विकणारे बसलेतच. कुलपाने भुरटा चोर गेला आणि त्याच्या जागी एक्सपोर्टर आला.

आपल्याकडचं बघायला एवढं लांब जायला नको. तुमच्या स्टेशनबाहेरच्या गल्लीतल्या कुठल्याही रिपेअरिंगच्या दुकानात जा आणि फुटलेली स्क्रीन दाखवा. आमच्याकडचा काउंटरवरचा पोरगा फोन उलटापालटा करून बघतो आणि विचारतो, "कॉपी डालूँ या ओरिजिनल? ओरिजिनल मतलब निकाला हुआ." मग खालच्या ड्रॉवरमधून बबल रॅपमध्ये गुंडाळलेला फोल्डर काढतो, फोल्डर म्हणजे काच आणि डिस्प्ले जोडूनच येतो तो. शेजारी औषधाच्या पुड्या ठेवतात तसल्या छोट्या पिशव्यांमध्ये कॅमेरे, चार्जिंगच्या पट्ट्या, स्पीकर. "निकाला हुआ" म्हणजे दुसऱ्या फोनमधून काढलेला. कुठल्या फोनमधून ते तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, कारण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने जो आकडा सांगितलेला असतो त्याच्या निम्म्यात काम होतंय. आता सगळाच माल चोरीचा असतो असं अजिबात नाही, लोक पाण्यात पडलेले, बोर्ड गेलेले फोन भंगारात देतातच, त्याचेही पार्ट निघतात. पण दोन्ही माल त्या एकाच ड्रॉवरमध्ये येतात आणि बाहेर पडताना दोघांची किंमत सारखीच असते, वेगळं काढायची कुणाला गरजच नाही. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा पंधरा आकडी ओळख नंबर, तो ब्लॉक करून फोनचा बोर्ड मरतो. काचेवर आणि कॅमेऱ्यावर कुठे आयएमईआय असतो?

ॲपलला हे कळलं म्हणून त्यांनी आयओएस १८ पासून पार्टनाही तेच कुलूप लावायला सुरुवात केली, म्हणजे चोरीच्या फोनची बॅटरी किंवा कॅमेरा दुसऱ्यात बसवला तर फोन मूळ मालकाचा पासवर्ड मागणार. चांगलं आहे. पण यात आमच्या गल्लीतला प्रामाणिक रिपेअरवालाही भरडला जातो, कारण भंगारात रीतसर घेतलेल्या फोनच्या मालकाने लॉक काढायचं विसरलं असेल तर तो पार्टही गेला, आणि कंपनीला तर हेच हवंय की तुम्ही तिच्याच दारात यावं. सुरक्षेच्या नावाखाली दुकान चालवायची ही सवय जुनीच आहे. आणि आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक फोन अँड्रॉइडचे, तिथे अशी सोय बहुतेक ठिकाणी नाहीच.

बरं फोन अख्खा विकायचा तर लॉक तोडायला लागतं आणि ते तोडायला आता हॅकर लागत नाही, मालकच लागतो. आमच्या ऑफिसातल्या एकीचा आयफोन दादरच्या ब्रिजवर पर्समधून गेला, तिने लगेच लॉस्ट मोड लावला आणि स्क्रीनवर दिसायला नवऱ्याचा नंबर टाकला, जसं सगळे सांगतात तसं. चारेक दिवसांनी नवऱ्याला मेसेज, तुमचा हरवलेला आयफोन सापडला आहे, लोकेशन बघण्यासाठी लिंक उघडा. लिंकवर हुबेहूब ॲपलचं पान, मॅप फिरतोय, खाली आयडी आणि पासवर्डची जागा. बिचाऱ्याने आयडी टाकलाही, पासवर्ड टाकणार तेवढ्यात हिने फोन हिसकावून घेतला. पासवर्ड गेला असता तर तिकडे दहा सेकंदात लॉक उघडलं असतं. म्हणजे बघा, लॉक मजबूत होतं म्हणूनच त्यांना ही सगळी नाटकं करावी लागली, पण ती नाटकं करायला कुणीतरी माणूस पगारावर बसलाय हेही लक्षात घ्या. पाकीटमाराचं काम नाही हे. पाकीटमाराने फोन कधीच हातावेगळा केलेला असतो.

आता आपलं सरकारी कुलूप. सीईआयआर, म्हणजे देशातल्या सगळ्या मोबाईलच्या आयएमईआय नंबरांची एक नोंदवही, ती २०१९ च्या सप्टेंबरात सगळ्यात आधी महाराष्ट्रातच सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलवरून देशभर गेली. फोन गेला की तिथे तक्रार टाकायची, सगळ्या नेटवर्कवर तो हँडसेट ब्लॉक होतो, आणि कुणी त्यात नवीन सिम घातलं की कंपनीकडून पोलिसांना माहिती जाते. कल्पना म्हणून उत्तम आहे आणि मी याला नावं ठेवणार नाही. ठेवायचीच तर प्रक्रियेला ठेवीन. फोन गेल्यावर आधी पोलिसात तक्रार, तिची प्रत, फोनचं बिल, ओळखपत्र, आणि ओटीपी येण्यासाठी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम. डुप्लिकेट सिम मिळालं तरी त्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, सिम बदलून बँक लुटणाऱ्यांना अडवायला केलेला नियम आहे तो, आणि चांगला नियम आहे. पण एका चोराला अडवायला लावलेलं कुलूप दुसऱ्या चोराला दिवसभराची सूट देतं त्याचं काय. शिवाय बिल. सेकंडहँड घेतलेल्या फोनचं बिल कुठून आणणार, आणि आपल्याकडे आईवडिलांच्या हातात फोन जातात ते मुलांनी वापरून झालेलेच असतात, खोका तर कधीच रद्दीत गेलेला असतो.

आणि आयएमईआय नंबर बदलता येतो हे उघड गुपित आहे. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे १३,००० हून जास्त फोन सापडले होते, ते चोरीचे होते असं नाही, पण ज्या नंबरवर सगळी भिस्त ठेवायची त्याची लायकी काय ते तेव्हा कळलं. त्यानंतर १ जानेवारी २०२३ पासून फोन पहिल्यांदा विकण्याआधी त्याचा आयएमईआय सरकारी पोर्टलवर नोंदवणं सक्तीचं झालं, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नंबरात छेडछाड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आला. कागद सगळे जागेवर आहेत.

मला खटकतो तो आकडा वेगळाच आहे. २०२५ संपताना सरकारने जे सांगितलं त्यानुसार ४२ लाखांहून जास्त हँडसेट ब्लॉक झाले, त्यातल्या साधारण २६ लाखांचा माग लागला, आणि मालकाला परत मिळाले सात लाखांच्या वर. हे तीन आकडे सावकाश वाचा. माग लागला म्हणजे काय, तर तो फोन आत्ता कुणाच्या नावावरच्या सिमने चालतोय ते यंत्रणेला माहीत आहे. नाव माहीत, नंबर माहीत, तरी २६ मधले १९ लाख फोन परत आले नाहीत. म्हणजे तंत्रज्ञानाने आपलं काम केलं आणि पुढे माणसांनी करायचं ते राहिलं. जे परत येतात ते कसे येतात तेही बघण्यासारखं आहे. पोलीस ठाण्यातला एखादा हुशार हवालदार त्या नंबरवर फोन लावतो, बाबा रे तुझ्या हातातला मोबाईल चोरीचा आहे, गपगुमान कुरिअर कर. समोरचा असतो कुठेतरी बिहारात नाहीतर कर्नाटकात, बाजारातून पाच-सहा हजाराला घेतलेला असतो, तो घाबरून पाठवून देतो. मग पोलिसांच्या रेझिंग डेला साहेबांच्या हस्ते मुद्देमाल वाटप, फोटो, पेपरात बातमी. त्या हवालदाराबद्दल मला आदरच आहे, कामाच्या ढिगातून वेळ काढून करतो. पण त्या फोन कॉलमध्ये एक प्रश्न विचारायचा राहून जातो, तू हा घेतलास कुणाकडून? तो दुकानाचं नाव सांगेल, दुकानदार दलालाचं सांगेल, दोन पायऱ्या चढलं की टोळीचं तोंड दिसेल. पण त्यासाठी दुसऱ्या राज्यात माणूस पाठवायला लागतो, आणि दहा हजाराच्या फोनसाठी कोण पाठवणार.

त्यात भरीला गहाळ. तुम्ही पोलीस ठाण्यात जाऊन खिशातून मोबाईल मारला म्हणून सांगता आणि कागदावर येतं की गर्दीत गहाळ झाला. चोरी लिहिली तर गुन्हा दाखल होतो, तपास करावा लागतो, ठाण्याच्या हद्दीतला आकडा वाढतो. गहाळ लिहिलं की सगळे मोकळे, आणि आपल्यालाही इन्शुरन्ससाठी नाहीतर सिमसाठी कागदच हवा असतो म्हणून आपण मान डोलावतो. भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्यासाठी वेगळं कलम आलंय, ३०४, जुन्या दंड संहितेत ते नव्हतं. पण गहाळ झालेल्या फोनला कुठलं कलम लावणार? आणि ज्या चोऱ्या झाल्याच नाहीत असं रेकॉर्ड सांगतं त्या थांबवायला पैसे आणि माणसं तरी कोण मागणार?

हे सगळं असताना नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी केंद्राने काय केलं, तर संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्या असा आदेश कंपन्यांना काढला. ओरड झाली, पाळत ठेवणार म्हणून विरोधक तुटून पडले, कंपन्या कुरकुरल्या, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. पाळतीचा मुद्दा महत्त्वाचा आहेच. पण मला तर तो आदेश चोरीच्या दृष्टीनेही बिनकामाचा वाटला होता. तक्रार नोंदवायला जागा नाही अशी अडचण कुठे होती, नोंदवलेल्या तक्रारीच्या मागे जायला माणूस नाही ही अडचण आहे. आणि तक्रार करायची वेळ येते तेव्हा ते ॲप ज्या फोनमध्ये आहे तोच फोन गेलेला असतो!

मुंबईकरांना फटका गँग सांगायला नको. रुळाच्या कडेला नाहीतर खांबाला लटकून पोरगा उभा राहतो, गाडी जरा स्लो झाली की दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारतो, फोन खाली पडतो. फोनमागे झेपावताना लोक गाडीतून पडलेत, हातपाय गेलेत, जीव गेलेत. आणि यातला फोन उघडा असतो, कारण माणूस वापरत असतानाच मारलेला असतो, म्हणजे तुमचं फेस लॉक त्या क्षणी शून्य. गूगलने २०२४ मध्ये यासाठीच एक सोय आणली, झटक्यात फोन हातातून गेला असं सेन्सरना वाटलं की स्क्रीन आपोआप लॉक. ॲपलनेही जानेवारी २०२४ मध्ये चोरीच्या फोनवरून पासवर्ड बदलायला फेस आयडीची आणि घर-ऑफिसच्या बाहेर असाल तर एक तास थांबण्याची अट घातली, कारण बारमध्ये बसून लोकांचा पासकोड बघून ठेवायचा आणि मग फोन उचलायचा हा प्रकार अमेरिकेत फार वाढला होता. दोन्ही चांगल्या आहेत. कित्येकांच्या फोनमध्ये बंद पडून आहेत, आत्ता सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. पण दारात उभं राहून फोन बघू नका हा जो सल्ला प्रत्येक अनाउन्समेंटमधून मिळतो त्याचा मला राग येतो. संध्याकाळी कल्याण गाडीत दार सोडून उभं राहायला जागा असती तर दारात राहिलं कोण असतं?

एक कुलूप मात्र खरोखर उपयोगी आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, सिमचं. तुमचा हँडसेट कितीही बंद असू दे, चोर टाचणीने सिम बाहेर काढतो, दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. फोनची किंमत गेली ती गेली, खातं त्यानंतर रिकामं होतं. सिमला पिन लावला की दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर ते आधी पिन मागतं, तीनदा चुकला की सिम कंपनीकडचा पीयूके कोड मागतं, संपला विषय. ही सोय नोकियाच्या काळापासून आहे, फुकट आहे. लावण्याआधी सिम कंपनीचा डिफॉल्ट पिन विचारून घ्या नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल. ई-सिम असेल तर काढायचा प्रश्नच नाही. आणि पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, लगेच, दुसऱ्या दिवशी नाही. याने चोरी थांबत नाही हे खरंच, पण पन्नास हजाराचं नुकसान पाच लाखांचं होत नाही.

चोरी थांबवायची तर परत गिऱ्हाइकाकडेच यावं लागतं. सोन्याची चेन ओढली की पोलीस चोराला पकडून थेट सराफाच्या पेढीवर जातात, माल कुणी घेतला म्हणून. इतके जातात की चोरीचा माल घेण्याच्या जुन्या ४११ कलमाच्या नावाखाली आम्हाला छळतात अशी सराफ संघटनांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे, आणि तीही काही खोटी नाही. पण परिणाम असा की नाव असलेला सराफ बिलाशिवाय, ओळखीशिवाय चेन हातात घेताना दहादा विचार करतो. मोबाईलवाल्याला तशी धास्ती कुठाय? चोरीचा माल घेण्याचं कलम त्यालाही तेच लागू आहे, आता ३१७. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षेचे नियम सुधारले, त्यात जुन्या फोनची खरेदी-विक्री करणाऱ्याने प्रत्येक हँडसेटचा आयएमईआय सरकारी काळ्या यादीशी ताडून बघायचा असं आलं. मोठ्या ऑनलाइन कंपन्या करतीलही. स्टेशनबाहेरचा टेबलवाला करणार का, आणि नाही केलं तर बघणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

मला वाटतं जुने फोन आणि पार्ट घेणाऱ्या प्रत्येक दुकानात एक साधं रजिस्टर हवं. कुणाकडून घेतला, त्याचा नंबर, फोनचा आयएमईआय, तुकडे केले असतील तर कुठल्या फोनचे. भंगारातला असो नाहीतर चालू असो. महिन्यातून एकदा बीटवरच्या पोलिसाने येऊन सही करावी. यात हप्ते सुरू होतील हे मला दिसतंय, दुकानदार वैतागतील हेही, आणि गरीब माणसाला पाच हजारात मिळणारा फोन सहा-सात हजाराला जाईल, स्क्रीन बदलणं महाग होईल. हे नुकसान खरं आहे, ते लपवून काही सांगण्यात अर्थ नाही. पण आज स्वस्तात बसवलेल्या त्या काचेचे उरलेले पैसे कुणीतरी लोकलच्या दारात भरतोच आहे, फक्त तो बिलावर दिसत नाही.

रजिस्टर होईल तेव्हा होईल. तोवर जुना फोन घ्यायला गेलात तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आलेला पंधरा आकडी नंबर KYM (केवायएम) या इंग्रजी अक्षरांपुढे जागा सोडून लिहा आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा, काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं. घरी जाऊन नको, दुकानात काउंटरसमोर उभं राहून, पैसे खिशात ठेवून पाठवा. दुकानदार "अरे साहेब, घर का माल है" म्हणाला तरी पाठवा, म्हणाला तर नक्कीच पाठवा.